गावात क्वायर बोलवायची तर आधी खोली शोधा

वाद्य नाही, माइक नाही. पंधरा-वीस बाया-माणसं अर्धवर्तुळात उभी राहतात, समोर एक जण, त्याला कंडक्टर म्हणतात, हातानं इशारे देतो, आणि तासभर नुसता गळा. चेंबर क्वायर म्हणतात ती हीच. अशी मंडळी दौऱ्यावर निघाली की नागपुरात एक कार्यक्रम करतात आणि पुढचं मोठं शहर गाठतात. मधली एखादी संध्याकाळ त्यांना मोकळी असते. ती आर्वी, पुसद, वरूड, मूल अशा तालुक्याच्या गावाला, नाही तर त्याहूनही लहान गावाला मिळू शकते. कोणी तरी मागायला हवी.

हा लेख त्या मागणाऱ्यासाठी आहे. मग ते गावचं वाचनालय असो, गुरुदेव सेवा मंडळ असो, कॉलेजातले दोन मास्तर असोत की मिशनच्या दवाखान्यातले डॉक्टर. माझं म्हणणं थोडक्यात असं: गाणं पाहुणे घेऊन येतात, यजमानानं द्यायची ती बरी खोली आणि शांतता. एवढं जमलं तर हारतुरे नसले तरी भागतं. हे नसेल तर बाकी कितीही थाट करा, कार्यक्रम पडतो.

येतंय काय, ते आधी समजून घ्या

चेंबर क्वायरमध्ये साधारण 12 ते 30 गाणारे असतात. बायकांचे दोन आवाज, वरचा सोप्रानो आणि खालचा अल्टो. पुरुषांचे दोन, टेनर आणि खर्जातला बास. चौघांच्या चाली वेगळ्या आणि चारी एकाच वेळी चालू. आपल्या भजनात बुवा ओळ म्हणतात, मागचे तीच ओळ उचलतात, चाल सगळ्यांची एक. इथे चार शिवारांतून निघालेल्या चार पांधणी गावाच्या वेशीवर भेटाव्यात तसं होतं. मधल्या वाटेत ज्याचा तो, पोचतात मात्र एकत्र.

शिलाँग चेंबर क्वायर 2010 साली टीव्हीवरच्या स्पर्धेत जिंकली, तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळ लोकांनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. पण तिथे हिंदी गाणी होती, साथीला वाद्यं होती. दौऱ्यावरच्या क्वायरचा कार्यक्रम बहुधा निराळा असतो. अर्धा भाग धार्मिक: सोळाव्या शतकातले पालेस्त्रिना, टॅलिस, व्हिक्टोरिया यांच्या लॅटिन रचना, पुढे बाख, एकोणिसाव्या शतकातला ब्रुकनर. उरलेला अर्धा आपल्या काळातल्या संगीतकारांचा: एस्टोनियाचे आर्वो पेर्ट, अमेरिकेचे मॉर्टेन लॉरिडसेन, एरिक व्हिटेकर. बहुतेक रचना तीन ते सहा मिनिटांच्या. कानाला परक्या, पण कंटाळा यायच्या आत संपणाऱ्या.

पहिल्याच फोनवर विचारून घ्यायच्या गोष्टी: माणसं किती, त्यात बायका किती, पियानो लागतो का, आणि कार्यक्रम सलग करता येईल का. शहरात दोन भाग आणि मध्ये मध्यंतर अशी रीत आहे. गावात मध्यंतर झालं की निम्मी सतरंजी रिकामी होते. कोणाला म्हैस दोहायची असते, कोणाचं पोरगं झोपलेलं असतं. म्हणून 60–70 मिनिटांचा सलग कार्यक्रम मागा. पियानोचं उत्तर ‘हो’ आलं तर नागपूरहून 88 पट्ट्यांचा कीबोर्ड भाड्यानं, तो आणायला गाडी, लाईन गेली तर इन्व्हर्टर, असं सगळं मागे लागतं. सरळ बिनसाथीचा कार्यक्रम मागावा. त्या रचना त्यांच्याकडे भरपूर असतात, आणि खरं सांगायचं तर क्वायरचा कस तिथेच लागतो.

खोली: हातात टाळी, कानात लक्ष

इथे घाई करू नका. ज्या जागेत लग्न चांगलं लागतं ती गाण्याला चांगली असतेच असं नाही, बहुधा नसते.

माइक नसल्यामुळे गळ्यातून निघालेला आवाज भिंतींवरून परतून शेवटच्या माणसापर्यंत जायला हवा. म्हणजे चार भिंती आणि छप्पर हवंच. उघड्या मैदानावर, शाळेच्या पटांगणात, आजकाल जागोजागी झालेल्या लॉनवर हा कार्यक्रम घेऊ नये. तिथे आवाज आभाळात जातो आणि पाचव्या रांगेतल्या माणसाला फक्त तोंडं हलताना दिसतात. कापडी मंडपाचंही तेच, कापड आवाज पिऊन टाकतं.

जागा बघायला दोघं जा. गाणारे जिथे उभे राहतील तिथे एकानं उभं राहून एकदाच कडक टाळी वाजवायची. टाळीनंतर आवाजाचं शेपूट ऐका. मनात ‘एक-दोन’ म्हणेपर्यंत ते हळूहळू विरलं तर खोली उत्तम. टाळी वाजली आणि लगेच मेली, तर खोली कोरडी; गाणाऱ्यांना आवाज ओढावा लागेल. टाळीनंतर ‘टर्रर्र’ असा फडफडता आवाज आला तर समोरासमोरच्या दोन सपाट भिंती त्याला चेंडूगत टोलवताहेत. त्यावर उपाय आहे: एका भिंतीवर सतरंज्या किंवा जाड पडदे टांगा आणि पुन्हा टाळी वाजवा. मग दुसऱ्यानं शेवटच्या टोकाला बसायचं आणि पहिल्यानं नेहमीच्या आवाजात एक ओवी म्हणायची. शब्द समजले तर जागा पक्की.

एक लक्षात असू द्या. रिकाम्या खोलीत जे घुमतं, ते माणसं भरल्यावर बरंच कमी होतं. अंगं आणि कपडे आवाज शोषतात, थंडीत शाली-स्वेटरं आणखी शोषतात. त्यामुळे रिकाम्या खोलीत जरा जास्तच घुमतंय असं वाटलं तर घाबरू नका. रिकामी असतानाच कोरडी लागणारी खोली मात्र सोडून द्या.

आता आपल्या गावांत काय काय मिळतं ते पाहू. जुनं दगडी देऊळ, त्याचा बंद सभामंडप, ही पहिली पसंती. मात्र हेमाडपंती देवळांपैकी बरीच पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. मार्कंड्याचं देवस्थान किंवा लोणारचं दैत्यसूदन मंदिर डोळ्यांसमोर आलं तर मनाला आवरा. अशा वास्तूत कार्यक्रम घ्यायला खात्याची परवानगी लागते आणि ती काही आठ दिवसांत येत नाही. गावातलं साधं, ट्रस्टचं किंवा पंचांचं देऊळ बघा. सभामंडप टिनाचा असेल तर तो नको. टिनाचा आवाज चिरका येतो, आणि अवकाळी पाऊस आलाच तर मग काही ऐकू येत नाही.

दुसरी जागा लोक विसरतात: बुद्ध विहार. विदर्भात गावोगावी विहार आहेत. टाइल्सची फरशी, पक्क्या भिंती, स्लॅबचं छप्पर, सामान कमी. गाण्याला याहून बरी खोली लहान गावात सहसा मिळत नाही, आणि सामूहिक वंदनेमुळे तिथल्या मंडळींना शांत बसून ऐकायची सवयही असते. छत घुमटाचं असेल तर घुमटाच्या अगदी मधोमध गाणाऱ्यांना उभं करू नका. तिथे आवाज एका जागी गोळा होतो आणि त्यांना एकमेकांचं नीट ऐकू येत नाही. दोन-चार पावलं बाजूला सरकवा.

जुन्या मिशनच्या आवारात चर्च असेल तर उत्तमच. हे संगीत मुळात तसल्याच खोलीसाठी लिहिलं गेलं आहे. शिवाय आपल्याकडच्या चर्चला गाण्याची स्वतःची परंपरा आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक काही वर्षं नागपुरात होते, आणि त्यांची अभंग-भजनं मराठी मंडळ्या आजही गातात.

मंगल कार्यालय शेवटी. पीओपीचं छत, चारी बाजूंना उघडी दारं, मागे स्वयंपाकघरात भांड्यांचा खणखणाट. घ्यावंच लागलं तर स्वयंपाकघर बंद ठेवायची बोली आधी करा. रिकामं असलेलं कापसाचं गोडाऊन मला मंगल कार्यालयापेक्षा बरं वाटतं. उंच छप्पर असतं, पक्क्या भिंती असतात. फक्त ते आठ दिवस आधी झाडून, धुऊन घ्यायला हवं. कापसाचे तंतू गाणाऱ्याच्या घशाचे वैरी.

बसायची सोय अडीचशे माणसांपुरती धरा. जास्त माणसं म्हणजे जास्त खोकला, जास्त मोबाइल. सोळा गाणारे दोन ओळींत उभे राहायचे तर 18 फूट रुंदी लागते आणि समोरच्या कंडक्टरसकट पुढेमागे 12 फूट. मागची ओळ फूटभर उंच असली तर बरं. शाळेचे बाक जोडून उंची करू नका, ते डुलतात. गाणाऱ्यांच्या पायाखाली सतरंजी घालू नका, सतरंजी श्रोत्यांना. पाठीमागे पक्की भिंत हवी. तिथे पडदा नको, आणि पाहुण्यांच्या फोटोंचा फ्लेक्स फाटकावर लावा.

शांतता ही आखून मिळवायची गोष्ट आहे

खोली पसंत पडली की बरोबर त्याच वारी आणि त्याच वेळी तिथे जाऊन पाव तास गप्प बसा. वार तोच हवा, कारण बाजाराच्या दिवशी गाव वेगळं वाजतं. जे ऐकू येईल ते कागदावर लिहा. चक्की, बोअरची मोटर, एसटीचा हॉर्न, रेल्वे फाटक, कापसाचं जिनिंग, शेजारच्या घरचा टीव्ही, कुत्री. मग एकेकाकडे जाऊन बोला. चक्कीवाला तासभर चक्की बंद ठेवतो, फक्त त्याला आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी दुपारी असं दोनदा सांगावं लागतं. जिनिंग बंद ठेवत नाहीत. हंगामात ते रात्रंदिवस चालतं, म्हणून त्याच्या जवळची खोली घेऊच नये.

तारखेचं गणित असं. मार्च ते जून नकोच. 45 अंशांत पंखे-कूलर बंद ठेवून माणसं बसणार नाहीत, आणि कूलर चालू असेल तर क्वायर ऐकू येणार नाही. पावसाळ्यात दौरे नसतात. उरतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, दिवाळीच्या सुमाराला धानावरचे तुडतुडे दिव्यांभोवती थव्यानं येतात, आणि इथे तर तोंड उघडून गायचं असतं. तिकडे डिसेंबर धरा आणि पांढऱ्या दिव्यांऐवजी पिवळसर दिवे लावा, त्यांच्याकडे पाखरं कमी येतात. झाडीपट्टीत भाऊबीजेपासून नाटकांचा हंगाम असतो. वडसा, सिंदेवाही, ब्रह्मपुरी भागात त्या रात्री जवळ नाटक नाही ना, ते आधी विचारा. नाटकापुढे तुमच्याकडे कोणी फिरकणार नाही, आणि त्यात लोकांची चूक नाही.

डिसेंबरच्या शेवटी नाताळामुळे क्वायर स्वतःच अडकलेल्या असतात. जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, फेब्रुवारीत गजानन महाराज प्रकटदिनाचे सप्ताह आणि बारावीची परीक्षा. लग्नाची दाट तिथी असेल त्या दिवशी डीजे गावात फिरणारच, म्हणून पंचांग उघडून बिनमुहूर्ताचा दिवस निवडा. एवढी चाळणी लावल्यावर डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि जानेवारीचा मधला आठवडा हाती लागतो. क्वायरला तीन-चार महिने आधी ह्याच तारखा सांगा.

वेळ संध्याकाळी सात. तोवर अजान, आरती आणि सामुदायिक प्रार्थना बऱ्याच गावांत झालेली असते. तरी तुमच्या गावच्या वेळा बघून घ्या आणि कोणालाही भोंगा बंद करायला सांगत बसू नका, आपलीच वेळ सरकवा. शेतीची लाईन ज्या आठवड्यात रात्रीची असते त्या आठवड्यात माणसं गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला जातात. शेतकरी श्रोते हवे असतील तर तेही पाहावं लागतं. आणि पत्रिकेवर साडेसहा छापा. गाणारे तासभर गळा तापवून तयार असतात. तो तापलेला गळा ‘पाहुणे निघालेत, पोचतीलच’ म्हणून आठपर्यंत थांबत नाही.

गावाशी आधीच मोकळं बोला

‘चर्चची गाणी’ म्हटलं की कोणाच्या तरी मनात शंका येते: हा धर्मप्रचार तर नाही ना? ती शंका कार्यक्रमाच्या दिवशी फाटकावर निघण्यापेक्षा महिनाभर आधी चहाच्या टपरीवर निघालेली बरी. सरपंच, पोलीस पाटील, देवळाचे पंच, विहार समिती, गावातले चार बोलणारे लोक यांना भेटा आणि जे आहे ते सांगा. हो, यातलं बरंच संगीत चर्चसाठी लिहिलेलं आहे. आज जगभर ते मैफलीत गायलं जातं. इथे प्रवचन नाही, प्रार्थनासभा नाही, पत्रकं वाटली जाणार नाहीत. लपवाछपवी केली की लोकांना वास येतो. विदर्भाच्या मातीत हे नवीनही नाही. सेवाग्रामच्या आश्रमात सर्वधर्म प्रार्थना गांधीजींच्या काळापासून होते, आणि तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेत सगळ्या पंथांना जागा आहे.

क्वायरलाही एक गोष्ट सांगा: देवळात किंवा विहारात गायचं ठरलं तर गाण्यांची यादी पंचांना आधी दाखवायची. ब्रुकनरची 1869 सालची ‘लोकुस इस्ते’ ही लॅटिन रचना अशा जागी शोभते. ती एका देवघराच्या अर्पणविधीसाठी लिहिली होती आणि तिचा अर्थ ‘ही जागा देवानं घडवली’ असा आहे. तीन मिनिटांची आहे. कार्यक्रम तिनंच सुरू करा म्हणावं.

अर्थाचा कागद मराठीत छापाच. शब्दशः भाषांतर नको, प्रत्येक रचनेला तीन ओळी पुरेत, अक्षरं मोठी. ‘मॅग्निफिकात’ हे मरियेचं स्तोत्र कार्यक्रमात असेल, आणि बहुधा असतं, पेर्ट यांचं 1989 चं तर अनेक क्वायर गातात, तर त्याला चौथी ओळ द्या. बलवंतांना सिंहासनावरून खाली ओढलं, दीनांना वर उचललं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि धनवंतांना रित्या हातानं लावलं, असं त्यात आहे. गाडगेबाबांच्या आणि ग्रामगीतेच्या मुलखात हे कोणाला फोड करून सांगावं लागत नाही. माना आपोआप डोलतात.

कागदपत्रं

फार नाहीत. जागेच्या मालकाचं लेखी पत्र, ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीला कळवल्याची पोच, पोलीस ठाण्यात अर्ज. गाण्याला लाउडस्पीकर नाहीच; निवेदनापुरता एक माइक लावणार असाल तर त्याच्या परवानगीचं तिथेच विचारून घ्या. क्वायर परदेशी असेल तर ज्यांच्याकडे मुक्काम आहे त्यांना 24 तासांत परदेशी पाहुण्यांची नोंद करावी लागते. लॉज असेल तर लॉजवाला करतो, घरी उतरवलं तर तुम्ही करायची. ती पद्धत पोलीस ठाण्यात आधी विचारून ठेवा. हयात संगीतकारांच्या रचनांवर हक्क असतात. भारतात ते संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतात. परवाना लागतो का आणि लागला तर कोण घेणार, तुम्ही की क्वायर, हे पत्रात लिहून घ्या.

पाहुण्यांचा घसा सांभाळा

आपला पाहुणचार दांडगा, आणि इथे तोच अंगाशी येतो. स्टेशनवर हार, बसमध्ये संत्री, दुपारी सावजी रस्सा, चारला थंड ताक. संध्याकाळी निम्म्या क्वायरचा घसा बसलेला.

दुपारी साधं वरण-भात-पोळी, एखादी भाजी, ठेचा बाजूला. चारनंतर फक्त चहा-बिस्किट किंवा केळी. रोडगे, वांग्याची भाजी, वरण असा खरा बेत कार्यक्रमानंतर; पाहुणे ते आवडीनं खातात आणि रोडगे भाजायला दिवसभराचा वेळही मिळतो. शेंगदाणा कोणाला चालत नाही का, हे मात्र आधी विचारा. आपल्या भाजीत, चटणीत, पोह्यांत कुठेही तो असतो आणि त्याची अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते.

पाण्याचे जार आपल्याकडे बर्फासारखे गार करूनच येतात. पाणीवाल्याला ‘साधे, न थंडावलेले’ असं दोनदा सांगा आणि थर्मासात कोमट पाणी ठेवा. खोलीत सकाळपासून अगरबत्ती, धूप, कापूर काही नको. देऊळ असेल तर पुजाऱ्यांना विनंती करून दुपारच्या आतच धूप आटोपून घ्या. दीपप्रज्वलन करायचं तर एका समईवर भागवा.

स्टेजजवळ दार लागणाऱ्या दोन खोल्या लागतात, बायकांची एक, पुरुषांची एक. आरसा, उजेड, पाणी असलेलं स्वच्छ स्वच्छतागृह. गावच्या कार्यक्रमांत नेमकं हेच राहून जातं आणि त्याचा त्रास बायकांना होतो. मुक्काम घरोघरी द्यायचा तर दोघं-दोघं एकत्र, एकटं कोणालाही नको, आणि रात्री गप्पांना बसवू नका. त्यांना झोप हवी असते.

ती संध्याकाळ

क्वायर दुपारी तीनपर्यंत जागेवर हवी. चार ते साडेपाच त्यांचा सराव. हा दीड तास खोली फक्त त्यांची. पोरंसोरं, फोटोवाले, ‘जरा बघून जातो’वाले कोणी नको. कंडक्टर उभं राहायच्या जागा दोन-तीनदा बदलतो, त्याला बदलू द्या. गाणारे हातातल्या फाइलीत पाहून गातात, त्यामुळे उजेड त्यांच्या कागदावर पडायला हवा, डोळ्यांत नको.

डेकोरेशनवाला भाऊ एवढ्यात येईल. “माइक नाही तं लोकायले ऐकू कसं येईन?” त्याचा हा प्रश्न खराच आहे. निवेदनाला एक माइक त्याला लावू द्या, आणि निवेदन संपलं की मशीन बंद. नुसता माइक खाली ठेवून चालत नाही. चालू मशीनची घूं-घूं हळू गाण्यात स्पष्ट ऐकू येते.

सत्कार सुरुवातीला आणि दहा मिनिटांत. प्रमुख पाहुण्याला दोन मिनिटं बोलायला द्या. त्या वेळी गाणाऱ्यांना स्टेजवर उभं करू नका, ते आत खोलीत बसू देत. शाल-श्रीफळ फक्त कंडक्टरला, बाकीच्यांना शेवटी एकेक फूल. झेंडूचे हार गाण्याआधी गळ्यात नकोतच.

मग पहिल्या रचनेनंतर कंडक्टरला एक छोटा प्रयोग करायला सांगा. हे जुळवून आणाच, बाकी काही विसरलात तरी. गाण्याची एकच ओळ आधी नुसता बास गाऊन दाखवेल, मग टेनर, मग अल्टो, मग सोप्रानो, आणि शेवटी चारी एकत्र. तीन मिनिटं लागतात. “काहून जी, पेटी-तबला नाही आनला का यायनं?” असं विचारत आलेला माणूस ह्या तीन मिनिटांनंतर सरसावून बसतो, कारण आता कान कुठे लावायचा ते त्याला कळलेलं असतं. ते न करता थेट सोळाव्या शतकात उडी मारली तर लोक भक्तिभावानं बसतात, पण ऐकत नाहीत.

टाळ्यांचं एक सांगून ठेवा: कंडक्टरचे हात खाली आले आणि तो वळला की टाळ्या. तोवर नाही. ह्या गाण्यांत शेवटचा सूर थांबल्यावर खोलीत जे घुमत राहतं तोही गाण्याचाच भाग आहे. तालावर टाळी धरायची आपली सवय इथे जमत नाही, बऱ्याच रचनांत धरण्यासारखा ठेकाच नसतो. निवेदकानं हे हसत सांगावं, शाळामास्तरासारखं नको. आणि तरी मध्येच टाळ्या पडल्या तर पडू द्या. ‘श्शू’ करणारे आपले स्वयंसेवक टाळ्यांपेक्षा जास्त त्रास देतात.

पोरं मांडीवर असतील, त्यांना मागे दाराजवळ जागा द्या, म्हणजे रडलं की आईला चटकन बाहेर जाता येतं. कुत्र्यांसाठी फाटकावर एक माणूस. हसू नका, लागतो.

भजन मंडळाचं काय?

हा प्रस्ताव कोणी तरी मांडतोच: आपलं खंजिरी भजन आणि त्यांची क्वायर एकत्र होऊन जाऊ द्या! माझं मत, एकत्र नको. खंजिरीच्या जोरापुढे बिनमाइकचा अल्टो टिकत नाही, आणि दोन तासांच्या ओळखीवर जमवलेलं एकत्र गाणं दोघांनाही शोभत नाही. त्यापेक्षा गावच्या मंडळाला पहिली पंधरा मिनिटं द्या, त्यांच्या पूर्ण थाटात. पाहुणे समोर सतरंजीवर बसून ऐकतील. मग पाच मिनिटं थांबा, कानांना जरा निवू द्या, आणि क्वायर. पाहुण्यांना तुकडोजी महाराजांचं एखादं भजन स्वतः शिकून गायचं असेल तर त्यांना महिनाभर आधी रेकॉर्डिंग आणि देवनागरी-रोमन दोन्ही लिप्यांतले शब्द पाठवा. तेवढ्या वेळात ते चार आवाजांत बसवून आणतात.

सकाळी शाळा, मग हिशेब

दुसऱ्या दिवशी बस अकराला सुटत असेल तर नऊला शाळेत चाळीस मिनिटं मागून घ्या. मुख्याध्यापकांना पत्र आधीच द्यायचं. सातवी-आठवीचे वर्ग, शंभराच्या आत मुलं. भाषण नको. एकच ओळ चार गटांनी एकामागोमाग सुरू करायची, असं गाणं क्वायरवाले मुलांना दहा मिनिटांत शिकवतात. पहिला गट दुसऱ्या ओळीवर गेला की दुसरा गट पहिली ओळ धरतो, आणि बघता बघता वर्गातच चार आवाज उभे राहतात. सामुदायिक प्रार्थनेची सवय असलेली आपली मुलं सुरात पटकन बसतात. त्यांना कठीण जातं ते शेजारच्या गटाकडे न ओढलं जाणं, आणि त्यातच त्यांना मजा येते.

पैशांचं बोलणं सुरुवातीलाच झालेलं असावं. मानधन, प्रवास, मुक्काम, जेवण, जागा, दिवे, छपाई अशा रकान्यांचा एक कागद करा आणि क्वायरला मानधन सरळ विचारा. संकोचापायी ‘तुम्ही म्हणाल ते’ म्हणालात तर नंतर दोघांनाही अवघड होतं. दौऱ्यातली मधली संध्याकाळ असल्यानं मोठा प्रवासखर्च बहुधा आधीच निघालेला असतो. तुमच्या वाट्याला वळसा येतो, तेवढाच मागा-द्या. झाडीपट्टीत लोकांना तिकीट काढून नाटक बघायची सवय आहे, तिथे लहानसं तिकीट चालतं. वऱ्हाडात आणि वर्ध्याकडे वर्गणी बरी. जेवण एका घरानं, मुक्काम दुसऱ्यांनी, छपाई एखाद्या दुकानदारानं उचलली की रोख खर्च खूपच उतरतो. बस सुटली की आठ दिवसांत जमा-खर्चाचा कागद वाचनालयाच्या फळ्यावर लावा, वर्गणीदारांच्या नावांसकट आणि उरलेल्या रकमेसकट. चक्कीवाल्याचं आणि पाणीवाल्याचं नाव त्यात राहू नये.